कोठडीची किल्ली कोणाकडे?

पुण्याच्या नारायण पेठेत आता वाडे कमी आणि अभ्यासिका जास्त. रात्रीची मेस उरकून स्पर्धा परीक्षांची मुले चहाच्या टपरीवर जमतात, निबंधाच्या विषयांवर वाद घालतात. त्यांतला एक विषय हमखास निघतो: सरकारे माणसांवर जुलूम करतात ते धर्मापायी की नास्तिकतेपायी? एक जण स्टालिन, माओ, पोल पॉट अशी नावे घेतो. दुसरा इन्क्विझिशन आणि तालिबान काढतो. दोघांनी मोजलेली मढी खरीच असतात, फक्त जो तो ती समोरच्याच्या खात्यावर मांडतो. आपल्या खात्यावर आली की एक म्हणतो, 'तो खरा धर्मच नव्हता.' दुसरा म्हणतो, 'त्याने नास्तिक म्हणून मारले नाही.' या दोन्ही पळवाटा आहेत. हा वाद आपल्या ओळखीच्या दाखल्यांवर तपासून पाहिला पाहिजे, आणि त्यासाठी फार लांब जायला नको.

२८ जुलै १७७९ रोजी मुंबईच्या इंग्रज सरकारने एक ठराव केला. सोनारांनी 'नमस्कार' करायचा नाही. नमस्कार हा आमचा अधिकार, सोनारांनी तो केला की धर्म बुडतो, अशी ब्राह्मणांची तक्रार होती. पेशव्यांनीही या बंदीसाठी मुंबईला अनेकदा लिहिल्याचे त्या ठरावातच नमूद आहे. ते 'पेशवे' म्हणजे सवाई माधवराव तेव्हा पाच वर्षांचे होते, म्हणजे ही पत्रे नाना फडणविसांच्या कारभाराची. ९ ऑगस्टला सोनार ज्ञातीच्या प्रमुखाला हुकूम गेला. डॉ. आंबेडकरांनी हे कागद आपल्या लिखाणात उद्धृत केले आहेत.

या ठरावाचा शेवट नीट वाचण्यासारखा आहे. या प्रकरणात कंपनीचे हित गुंतलेले नाही, तेव्हा हा निर्णय पेशव्यांना दाखवलेला सौजन्याचा मान समजावा आणि तसे त्यांना कळवावे, असे सरकारनेच लिहून ठेवले आहे. सहा महिन्यांपूर्वी वडगावला मराठ्यांपुढे नामुष्की पत्करलेले हे सरकार. नमस्काराच्या शास्त्राशी त्याचे देणेघेणे नव्हते. वेद कोणाला आणि पुराण कोणाला, हे जाणून घेण्याची इच्छाही नव्हती. तरी एका जातीचे जोडलेले हात त्याने हुकूम काढून सोडवले, कारण ते करायला काही खर्च येत नव्हता.

धर्म मानणारे सरकार या प्रकरणात एकच, ते पुण्याचे. त्याने काय केले तेही झाकायचे कारण नाही. ज्या नारायणराव पेशव्यांच्या नावाने नारायण पेठ आहे, त्यांच्याच अल्प कारकिर्दीत प्रभू ज्ञातीच्या लोकांना वेदोक्त कर्मे सोडायला लावण्याचा घाट घातला गेला, त्यांच्याकडून तशी कलमवार कबुली लिहून घेण्यात आली. शनिवारवाड्यातला कारभार सावकार, वतनदार, सरदार यांचे तंटे ज्या दप्तराने सोडवत होता, त्याच दप्तराने माणसाच्या घरातली मुंज कोणत्या मंत्राने लागावी हेही ठरवत होता. धर्माने सरकारला इथे दोन गोष्टी पुरवल्या: छळायचे कोणाला याची यादी, आणि त्याबरोबर छळणाऱ्याच्या मनाला स्वस्थता. कंपनीने ती यादी आयती घेतली आणि शिक्का मारला. ज्याने मनापासून मानले आणि ज्याने काहीच मानले नाही, अशा दोन सरकारांकडून सोनाराला मिळाले ते एकच.

मग नास्तिक सरकारांचे काय? इथे मला बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबींची आठवण होते. पुण्यात त्यांना न ओळखणारा वाचक विरळा. १८९९ साली संस्कृत शिकायला ते इथे आले, पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवू लागले. त्यांचा जन्म १८७६ सालचा, गोव्यातल्या सांकवाळचा. या सांकवाळची विजयादुर्गा आज केरीला आहे आणि लक्ष्मीनृसिंह वेलिंगला. देव गावात राहिले नाहीत, कारण १५६७च्या सुमारास पोर्तुगीज सरकारने साष्टीतली देवळे पाडायला घेतली. भाविकांनी मूर्ती उचलल्या आणि पोर्तुगीज हद्दीबाहेर अंत्रुज महालात नेल्या. तिथे तेव्हा राज्य होते आदिलशहाचे. एका धर्मनिष्ठ राजवटीने हाकललेले देव दुसऱ्या, तिसऱ्याच धर्माच्या राजवटीत सुखरूप राहिले, ही गोष्ट 'धर्मामुळे जुलूम' म्हणणाऱ्यानेही लक्षात घ्यावी आणि 'त्या धर्माचे सगळे तसेच' म्हणणाऱ्यानेही. त्याच पोर्तुगीज राजवटीत गोव्यातले इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, १५६० ते १८१२ चालले, मधली मोजकी वर्षे सोडून.

सांकवाळचे हे कोसंबी १९२९ साली लेनिनग्राडला गेले. श्चेर्बात्स्की हे बौद्ध तत्त्वज्ञानाचे जगन्मान्य पंडित तिथे होते आणि बौद्ध संस्कृतीच्या अभ्यासासाठी नवी संस्था निघाली होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सोव्हिएत सरकारने धार्मिक संघटनांचा कायदा केला. नोंदणी केलेल्या इमारतीत पूजाअर्चा करा, पण ग्रंथालय चालवू नका, गरिबांना मदतनिधी देऊ नका, मुलांना जमवून काही शिकवू नका. कोसंबी परतले आणि १९३०च्या सत्याग्रहात उतरले. श्चेर्बात्स्कींचे शिष्य मात्र त्याच सरकारच्या हाताखाली राहिले. त्यांच्यापैकी आंद्रेई वोस्त्रिकोव्ह हा तिबेटी वाङ्मयाचा जाणकार. मिखाईल तुब्यान्स्कीने रवींद्रनाथांचे साहित्य बंगालीतून रशियनमध्ये नेले. १९३७ साली या दोघांनाही प्रतिक्रांतीच्या ठरीव आरोपांखाली गोळ्या घालण्यात आल्या. मंगोलियात त्याच सुमारास हजारो लामा मारले गेले. ईश्वर न मानणाऱ्या सरकारने ज्यांना संपवले ते सृष्टिकर्ता ईश्वर न मानणाऱ्या धर्माचे भिक्षू आणि अभ्यासक होते. तेव्हा भांडण ईश्वर आहे की नाही याचे नव्हते. पक्षाबाहेर कोणाला दुसरे काही सत्य वाटते, आणि ते वाटणाऱ्यांची स्वतःची जागा, ग्रंथ, शिष्य आहेत, हेच त्या सरकारला खपत नव्हते. नास्तिकता निर्दोष होती असे मी म्हणत नाही. तिनेही यादी पुरवली, मनाची स्वस्थताही पुरवली. जे शास्त्रवचनाने पुण्यात केले, ते 'इतिहासाच्या नियमाने' तिकडे केले.

आणि ज्या सरकारकडे शास्त्रही नसते आणि इतिहासाचा नियमही नसतो, ते? १८९७च्या प्लेगात प्लेग अधिकारी रँडच्या हाताखालचे गोरे शिपाई पुण्याच्या पेठांतून घरोघर शिरले. त्यांना कोणाला बाटवायचे नव्हते, कोणाचा देव खोटा पाडायचा नव्हता. रोग हटवायचा होता, आणि तो उद्देश चांगलाच होता. पण बायकांची झडती, देवघरात शिरणे, घरातले सामान रस्त्यावर आणून जाळणे यांविरुद्ध दाद लागत नव्हती. रँडचा खून झाल्यावर पुण्यातल्या नातू बंधूंना पकडले ते १८२७ सालच्या २५व्या रेग्युलेशनखाली. आरोप नाही, खटला नाही, मुदत नाही. सरकारला वाटते तोवर आत. त्या रेग्युलेशनमध्ये देवाचे नाव कुठे नव्हते.

आता कोठडीच्या आतल्या बाजूने पाहू. 'केसरी' म्हटले की आज नारायण पेठेतला गायकवाड वाडा डोळ्यांपुढे येतो. टिळकांनी तो पुढे, १९०५ साली घेतला. पण 'केसरी'ची पहिली कैद १८८२ सालची. कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांना वेडे ठरवून त्यांचे हाल चालले आहेत, असे लिहिल्याबद्दल संस्थानचे कारभारी बर्वे यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली आणि टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहिले. ज्या पत्रांवर त्यांनी भिस्त ठेवली ती बनावट निघाली, हे खरे. पण पुढच्याच वर्षी ते महाराज अहमदनगरच्या किल्ल्यात गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीत गेले, हेही खरे. एका कोठडीतल्या या दोघांपैकी एक गीतेवर भाष्य लिहिणारा, दुसऱ्याची देवावर श्रद्धा नव्हती. पुढे त्यांचे बिनसले, आणि पुण्याच्या सनातन्यांनी आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. सरकारने कोंडलेल्या एका माणसासाठी लिहिताना मात्र दोघांमध्ये फरक पडला नाही.

म्हणून मला या वादातला प्रश्नच चुकलेला वाटतो. श्रद्धा आणि अश्रद्धा दोन्ही सरकारच्या खुर्चीत बसल्या की सारख्या वागतात. कोठडीत गेल्या की दोन्ही माणसाला ताठ उभे करतात. पाहायचे ते एवढेच की त्या दाराच्या कोणत्या बाजूला आहेत आणि किल्लीवाल्याला जाब विचारायला कोणी आहे का.

याचा सर्वांत जवळचा दाखला जुना नाही, पण त्याचा एक धागा जुना आहे. १५४६ साली फ्रान्सिस झेवियर या जेझुइट धर्मगुरूने पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन मागितले होते. त्याच संघाचे फादर स्टॅन स्वामी ऑक्टोबर २०२०मध्ये रांचीहून पकडले गेले. शनिवारवाड्यावरच्या एल्गार परिषदेनंतर पेठांतल्याच विश्रामबाग पोलीस ठाण्यात नोंदवलेल्या गुन्ह्यातले ते आरोपी. आरोप त्यांनी नाकारले होते. वय ८३, कंपवाताने हात थरथरत. पाण्याचा पेला तोंडापर्यंत नेता येत नाही, नळीचा पेला मिळावा, असा त्यांनी न्यायालयात अर्ज केला. त्यावर म्हणणे मांडायला तपास यंत्रणेने २० दिवसांची मुदत मागितली. ५ जुलै २०२१ रोजी ते रुग्णालयात कैदी म्हणूनच वारले. खटला सुरूही झाला नव्हता. त्याच प्रकरणात डाव्या विचारांचे प्राध्यापक, वकील, कवीही वर्षानुवर्षे खटल्याविना आत होते. पाद्री आणि डावे एकाच दाराआड, टिळक आणि आगरकरांसारखे.

स्टॅन स्वामी दोषी होते की नाही हे न्यायालयात ठरले असते. तसे ठरण्याआधी माणूस मरतो, तेव्हा कोणत्या धर्माचे सरकार सत्तेवर आहे याची चर्चा नंतर करावी. आधी विचारावे लागते ते बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायद्याच्या त्या कलमाबद्दल, जे जामीन जवळजवळ अशक्य करून ठेवते. प्रथमदर्शनी आरोप खरा वाटतो एवढे न्यायालयाला वाटले की जामीन नाकारायला पुरे. ते वाटते सरकारनेच जमवलेल्या कागदांवरून. नातू बंधूंच्या वेळी मुदत सरकारच्या मर्जीवर होती, आता ती खटल्याच्या तारखांवर आहे, आणि खटल्याला तारीख पडत नाही. हे कलम एका सरकारने आणले आणि दुसऱ्याने ते आनंदाने वापरले. एक स्वतःला निधर्मी म्हणवणारे, दुसरे धर्माचा अभिमान मिरवणारे. टपरीवरच्या मुलांपैकी काही उद्या अधिकारी होतील आणि कैद्याचा असा एखादा अर्ज त्यांच्या टेबलावर येईल. नळीचा पेला त्याच दिवशी देता येतो. त्यासाठी वीस दिवस लागत नाहीत.