भूखजिन्याचा खेळ आणि वाईचे घाट

उपग्रहांच्या साह्याने पृथ्वीवरील कोणतेही ठिकाण दाखवणारी अमेरिकेची जीपीएस यंत्रणा मुळात लष्करासाठी उभारलेली. नागरिकांना मिळणाऱ्या संकेतांत हेतुपुरस्सर ठेवलेली अशुद्धता मे २००० च्या प्रारंभी अध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने दूर झाली. लगोलग, ३ मे रोजी, ऑरेगन राज्यातील डेव्ह उल्मर या गृहस्थाने रानात एक बादली अर्धवट पुरून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. आत किरकोळ वस्तू आणि एक नोंदवही. सापडेल त्याने एखादी वस्तू घ्यावी, एखादी ठेवावी आणि वहीत नाव लिहावे, एवढाच नियम. 'जिओकॅशिंग' या नावाने जगभर पसरलेल्या या खेळाचा आरंभ असा साधा होता. मोबाइल हेच आता त्याचे यंत्र झाले आहे.

परदेशांतील कित्येक लहान गावांत असे डबे जुना पूल, पडकी गिरणी, विस्मरणात गेलेले स्मारक यांच्या आसपास ठेवतात आणि खेळाच्या निमित्ताने माणसे गावाचा इतिहास पाहून जातात. आपल्याकडील शिक्षकांनी हा खेळ उचलावा काय? उचलावा, मात्र त्यातला डबा वगळून.

वाईचेच उदाहरण घेऊ. कृष्णाकाठचा ढोल्या गणपती सर्वांना ठाऊक आहे. हे मंदिर १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधले, हेही पुष्कळांना सांगता येईल. परंतु मंदिराच्या मागील भिंतीला माशासारखा निमुळता आकार का दिला आहे, हे मूर्तीसमोर हात जोडून परतणाऱ्यास कळत नाही. त्यासाठी वळसा घालून मागे जावे लागते. पुराचे पाणी दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावे, ही त्या बांधणीमागील योजना. 'मंदिराच्या मागे जा; भिंतीचा आकार काढून आणा आणि तो तसा का, ते सांगा' एवढा एक प्रश्न विद्यार्थ्याला स्थापत्य, नदी आणि रास्ते घराणे या तिन्हींपर्यंत नेऊन पोहोचवतो. पेशव्यांच्या घरी गेलेल्या गोपिकाबाई याच घराण्यातल्या.

वाईपासून थोड्याच अंतरावर मेणवली आहे. तेथे नाना फडणविसांचा वाडा, घाट आणि घाटावरील मंदिराजवळ टांगलेली ती प्रसिद्ध घंटा. घंटेवर बालयेशूसह मेरीची आकृती आहे आणि १७०७ हे साल आहे. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, तेव्हाच्या विजयचिन्हांतील ती एक, असे सांगितले जाते. गावातील मार्गदर्शक येथे थांबतो. खरा प्रश्न मात्र येथेच सुरू होतो. नानांचा जन्म १७४२ चा. म्हणजे वसई पडली तेव्हा ते जन्मलेही नव्हते. मग मधली वर्षे ही घंटा कोणाकडे होती? मेणवलीस ती कोणत्या मार्गाने आली? नाशिकच्या नारोशंकर मंदिरातही पोर्तुगीज घंटा आहे. या घंटांची वाटणी कोणी व कशी केली? नववीतील मुलाला हे प्रश्न पडू शकतात, फक्त त्याने घंटेवरील साल स्वतः वाचलेले असले पाहिजे. पुस्तकात वाचलेले साल परीक्षेपुरते राहते.

डब्याविषयीची हरकत केवळ तात्त्विक नाही. इंग्लंडमधील वेदरबी या लहानशा गावात २०११ साली असाच एक डबा बाँब समजला गेला, आणि लष्कराच्या पथकाने तो नियंत्रित स्फोटाने नष्ट केला. आपल्याकडे घाटावर, देवळाच्या कोनाड्यात वा वाड्याच्या ओसरीवर बेवारस वस्तू दिसली तर पोलिसांना कळवणे हेच नागरिकाचे कर्तव्य. शिवाय डबा लपवण्यासाठी कोणी तरी जुना दगड हलवणार, हेही गृहीत धरावे. या खेळाचा डबाविरहित प्रकारही आहे. अमेरिकेच्या भूविज्ञान संस्थेने २००४ पासून चालवलेल्या 'अर्थकॅश' उपक्रमात स्थळी काहीही ठेवले जात नाही. येणाऱ्याने खडकाचे निरीक्षण करून प्रश्नांची उत्तरे द्यायची असतात. खडकाच्या जागी शिलालेख, विहीर, पुराची खूण, वाड्याचा दरवाजा ठेवला की काम झाले.

गावाचे नाव यादीत गेले की गर्दी होईल, ही भीती रास्त आहे. पण गर्दी यंत्राची वाट पाहत नाही. २००४ च्या 'स्वदेस' चित्रपटानंतर मेणवलीचा घाट लोक ओळखू लागले ते नानांच्या नावाने नव्हे.

प्रश्न काढणारा मात्र गावातलाच हवा. त्याने १८८५ चे सातारा जिल्ह्याचे गॅझेटियर हाती घेऊन वाईचे घाट फिरावेत, त्यात नोंदलेले आज काय उभे आहे आणि काय रंगाखाली वा सिमेंटखाली गेले, ते टिपावे. रंगाखाली गेलेला लेख आणि वाडा पाडताना फेकलेली तुळई यांची नोंद दुसरे कोणी ठेवत नाही. ठेवणारी माणसे थकत चालली आहेत. पावसाळ्यात घाट पाण्याखाली असतात; म्हणून कृष्णाबाईचे उत्सव असतात ते थंडीअखेरचे दिवस या कामास उत्तम. गावातील वृद्ध तेव्हा घाटावरच भेटतात, आणि परीक्षा जवळ आल्याची सबब एखाद्या रविवारपुरती बाजूला ठेवता येते.