विज्ञानवार्ता : छिद्रांचे सामर्थ्य

फ्रिजमध्ये कोळशाचा तुकडा ठेवला की वास कमी होतो, हा अनुभव पुष्कळ गृहिणींना आहे. कोळशाला असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. वायूचे रेणू त्यांच्या भिंतींना चिकटून राहतात. एक ग्रॅम उत्तम सक्रिय कोळशातील या भिंतींचे क्षेत्रफळ सुमारे १,००० चौरस मीटर भरते.

परंतु कोळशाची छिद्रे लहानमोठी, वेडीवाकडी असतात. अमुक वायू धरावा, तमुक सोडावा, असे त्यांना आखून देता येत नाही. म्हणून ठरावीक मापाची छिद्रे असलेले सेंद्रिय पदार्थ घडविण्याकडे शास्त्रज्ञ वळले. २००५ साली अमेरिकेत ओमर याघी व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे पहिले स्फटिकी जाळे विणले. मात्र त्यातील बंध पाण्याने तुटत. आपल्या बारडोलीच्या पावसाळी हवेत त्याचा टिकाव कसा लागावा?

या प्रश्नाचे एक उत्तर पुण्यात मिळाले. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील राहुल बॅनर्जी यांच्या गटाने २०१२ साली योजलेली युक्ती शिवणकाम जाणणाऱ्या भगिनींना सहज उमगेल. आपण आधी कच्चा धावदोरा घालतो. चुकले तर तो उसवता येतो. माप जमले की पक्की शिवण मारतो. येथेही आरंभीचे बंध सुटू शकतात, त्यामुळे जाळे सुबक बसते; नंतर रेणूची अंतर्गत मांडणी अशी बदलते की ते पुन्हा उसवत नाही. हा पदार्थ उकळत्या पाण्यात आणि तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लातही टिकला. २०१३ साली त्याच गटाने असे पदार्थ साध्या खलात घोटून, नेहमीच्या तापमानास तयार करून दाखविले!

याची निकड सुरत जिल्ह्यातील रहिवाशांना निराळी सांगावयास नको. ६ जानेवारी २०२२ रोजी पहाटे सचिनच्या औद्योगिक वसाहतीत, टँकरमधून बाहेर सोडल्या जाणाऱ्या रासायनिक द्रव्यातून विषारी वायू पसरला व सहा कामगार प्राणास मुकले. अशा वेळी नाकावर विसंबता येत नाही. कुजक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड वायू प्रमाण वाढताच नाकच बधिर करतो. वास नाहीसा होतो, संकट मात्र कायम असते. छिद्रांत वायू शिरताच ज्याचा रंग वा विद्युत्‌वाहकता बदलते, असा टिकाऊ पदार्थ नाकाहून विश्वासू पहारेकरी ठरू शकेल.

अशी साधने अद्याप बहुतांशी प्रयोगशाळेतच आहेत. तोवर एवढे ध्यानात ठेवावे : गटारात, जुन्या विहिरीत किंवा सांडपाण्याच्या टाकीत कोणी बेशुद्ध पडल्यास त्याच्यामागून स्वतः उतरू नये, तत्काळ अग्निशमन दलास बोलवावे.