ट्रकची प्रतिकृती : पोरखेळ की अभ्यास?

कोणी कोणता छंद बाळगावा याविषयी आपल्या समाजाचे काही अलिखित संकेत आहेत. नाणी जमवणाऱ्याला आपण इतिहासप्रेमी म्हणतो, पक्षी पाहत हिंडणाऱ्याला निसर्गप्रेमी म्हणतो आणि जुनी मासिके गोळा करणाऱ्याला तर व्यासंगीच ठरवून मोकळे होतो. परंतु वीस-बावीस वर्षांचा एखादा तरुण पुठ्ठा, लाकडी पट्ट्या, गोंद आणि रंगाच्या डब्या मांडून दीड वीत लांबीचा ट्रक बनवीत बसला, की घरातले म्हणतात, "अजून खेळणी सुटली नाहीत वाटतं!" कॉलेजात बातमी फुटली, तर स्नेहसंमेलनाच्या शेलापागोट्यांत त्याची वर्णी ठरलेलीच. या तरुणाचे वकीलपत्र मी आज स्वखुशीने घेत आहे. ट्रकची प्रमाणबद्ध प्रतिकृती बनवणे हा पोरखेळ नसून तो पाहण्याचा, मोजण्याचा आणि जपून ठेवण्याचा अभ्यास आहे. आणि हा अभ्यास कला शाखेला परका नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिकृती आपल्याला नवी नाही. दिवाळीत अंगणात किल्ला न केलेला मुलगा आपल्यात विरळाच. पण त्या किल्ल्यावर मावळा बुरुजाएवढा उंच असतो आणि वाघ महादरवाजातून आत जाऊ शकत नाही. तिथे ते शोभते. ट्रकच्या प्रतिकृतीत मात्र 'प्रमाण' नावाचा कडक मास्तर हातात छडी घेऊन उभा असतो. समजा, १:२४ हे प्रमाण घेतले. म्हणजे खऱ्या ट्रकचा एक फूट इथे अर्धा इंच. साडेपाच फुटांचा ड्रायव्हर पावणेतीन इंचांचा. १०.००-२० या मापाचा टायर, जो प्रत्यक्षात मीटरभराहून थोडा उंच असतो, तो इथे सुमारे ४४ मिलिमीटर. हौद्याची इंचभर जाडीची फळी इथे जेमतेम एक मिलिमीटर! आता आइस्क्रीमची काडी घेऊन पाहा. ती साधारण दोन मिलिमीटर जाड असते. ती तशीच चिकटवली, तर आपल्या ट्रकला दोन इंच जाडीच्या फळ्या बसल्या असा अर्थ होतो. पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण 'काहीतरी खोटे आहे' एवढे त्याच्या डोळ्याला कळते. म्हणून काडी पॉलिश पेपरवर घासत बसावे लागते. 'साधारण असेच असते' या आपल्या लाडक्या वाक्याला या छंदात थारा नाही. निबंधात, परीक्षेत आणि वादविवादात या वाक्यावर आपण किती निभावून नेतो, हे ज्याचे त्याने आठवावे!

परदेशात या छंदाने चांगलेच बाळसे धरले आहे. अमेरिकेत मोटार कंपन्या आपल्या नव्या गाड्यांच्या छोट्या प्रतिकृती जाहिरातीसाठी १:२५ प्रमाणात काढीत. तेच प्रमाण पुढे प्लॅस्टिकच्या सुट्या भागांच्या संचांत रूढ झाले आणि एएमटीसारख्या कंपन्यांनी पीटरबिल्ट, केनवर्थ हे लांब नाकाचे ट्रक घरोघरच्या टेबलांवर आणले. इटलीच्या इटालेरीने युरोपातले ट्रक १:२४ मध्ये काढले. जपानच्या तामियाने १९९० च्या दशकात १:१४ प्रमाणातले, रेडिओच्या लहरींवर चालणारे ट्रक बाजारात आणले. पण खरा छंदिष्ट संचाच्या डबीवरील चित्राशी थांबत नाही. तो दोन संच फोडून तिसराच ट्रक उभा करतो, चासी लांबवतो, नवी केबिन बसवतो आणि शेवटी नव्या कोऱ्या रंगावर गंज आणि चिखल चढवतो.

यातले जपानचे उदाहरण मला विशेष बोलके वाटते. तिथे ट्रक दिव्यांनी, चकाकत्या पत्र्यांनी आणि चित्रांनी मढवण्याची एक रीत आहे. अशा ट्रकला ते 'देकोतोरा' म्हणतात. १९७५ ते १९७९ या काळात 'तोराक्कु यारो' या मालिकेचे दहा चित्रपट निघाले आणि या नटव्या ट्रकांचे वेड देशभर पसरले. आओशिमा या कंपनीने त्यांचे १:३२ प्रमाणातले संच काढले. परिणाम असा, की जपानच्या रस्त्यावरचा तो लोकांचा शृंगार शेकडो घरांतल्या फडताळांत सुखरूप आहे.

आता आपल्याकडे वळू. आपला ट्रक नटण्यात कोणाला हार जाणारा आहे काय? १९५४ मध्ये जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज-बेंझ ट्रक तयार होऊ लागला. तो सहयोग १९६९ मध्ये संपला. बॉनेटवरचा तीन टोकांचा तारा गेला आणि टाटांचे 'टी' अक्षर आले. १९६५ सालचा ट्रक म्हणून प्रतिकृती करावी आणि तिच्यावर 'टी' लावावा, हे पेशवाईवरच्या नाटकात नानांच्या मनगटावर घड्याळ दिसण्यासारखेच! साधने तपासणे, काळ ठरवणे, पुराव्याशी इमान राखणे हे इतिहासाच्या वर्गात आपण शिकतो. हा छंद तेच शिकवतो, फक्त हाताला धरून.

शिवाय आपला ट्रक कारखान्यात पुरता जन्मत नसे, ही त्याची खरी गंमत. कारखान्यातून पुष्कळदा इंजिन, चासी आणि पुढचा दर्शनी भाग एवढेच बाहेर पडे. केबिन आणि हौदा बांधायचे ते तमिळनाडूतल्या नामक्कल-तिरुचेंगोडेला, पंजाबात, नाहीतर आपल्याच जिल्ह्याच्या गावी, हमरस्त्यालगतच्या शेडमध्ये. सुतार फळ्या जोडी, लोहार कड्या-साखळ्या घडवी आणि शेवटी पेंटर येई. फाळक्यावर कमळ, मोर. काचेवर आईचा आशीर्वाद. मागे 'हॉर्न ओके प्लीज'. म्हणजे ज्याला परदेशी छंदिष्ट मोठ्या हौसेने 'आपल्या मनासारखा ट्रक' म्हणतो, तो आपल्या रस्त्यावर प्रत्येकजण पोटासाठी चालवीत होता. एकासारखा दुसरा नाही!

हे सारे झपाट्याने बदलत आहे. 'हॉर्न ओके प्लीज' या शब्दांवर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये बंदी घातली, कारण त्यामुळे विनाकारण भोंगे वाजवण्याला उत्तेजन मिळते. कारखान्यातूनच बंदिस्त केबिन तयार होऊन येऊ लागली आहे. २०२५ पासून तयार होणाऱ्या, साडेतीन टनांहून जड मालट्रकांच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले आहे. कुंचल्याची जागा छापील रेडियमच्या पट्ट्या घेत आहेत. यात रडण्यासारखे काही नाही, हेही सांगितले पाहिजे. मे महिन्याच्या उन्हात इंजिनाशेजारी भाजत बसणाऱ्या ड्रायव्हरला गार वारा मिळत असेल, तर त्यापुढे आपल्या कलाप्रेमाची किंमत ती काय? लोककला दुसऱ्याच्या घामावर जगावी असे म्हणणे हा शुद्ध स्वार्थ होय. जुना ट्रक रस्त्यावर राहावा असा माझा आग्रह नाही. तो विसरला जाऊ नये, एवढाच आग्रह आहे.

यावर कोणी म्हणेल, "फोटो आहेत की!" आहेत, आणि असावेत. पण फोटोला एकच बाजू असते. फाळका खाली पडताना कोणत्या बिजागरीवर फिरतो, साखळीची कडी कुठे अडकते, पाटे चासीला कसे धरून ठेवतात, ताडपत्रीची दोरी कोणत्या हुकाला वळसा घेते, हे फोटो काढणाऱ्याला ठाऊक नसले तरी त्याचे अडत नाही. प्रतिकृती करणाऱ्याचे पदोपदी अडते. अडले की त्याला उठून खऱ्या ट्रकपाशी जावे लागते, वाकून खाली पाहावे लागते, क्लीनरला विचारावे लागते. पुस्तकी पोराला क्लीनरपुढे विद्यार्थी होऊन उभे करणारा दुसरा छंद मला तरी माहीत नाही.

राहिला प्रश्न खर्चाचा आणि कल्पनेचा. परदेशी संच महाग असतात, आणि त्यांत आपला जुना ट्रक मिळायचा नाही. तेव्हा ते घेऊन करायचे काय? पुठ्ठा, सनबोर्ड, तार, बांबूच्या कामट्या आणि धारदार ब्लेड एवढ्यावर काम भागते. कल्पनेला मज्जाव नाही. मात्र एक पथ्य पाळावे. खऱ्या बॉडी-बिल्डरला जे बांधता आले असते, तेवढेच आपण बांधावे. चिखलही विचार करून लावावा. उसाच्या फडातून निघालेल्या ट्रकचा चिखल आणि बंदरावरच्या ट्रकचा गंज यांची ठिकाणे निराळी असतात.

शेवटी एक सूचना करतो. दरवर्षी स्नेहसंमेलनात रांगोळी, पुष्परचना आणि पाककला यांचे प्रदर्शन भरते. त्यात एक टेबल प्रतिकृतींसाठी द्यावे. प्रत्येक प्रतिकृतीशेजारी एक वही असावी : ट्रक कुठे पाहिला, मापे कोणती घेतली, बॉडी बांधणाऱ्याने आणि पेंटरने काय सांगितले. इतिहासाच्या प्राध्यापकांनी ती वही तपासावी, मराठीच्या प्राध्यापकांनी तिच्यातले शब्द टिपून घ्यावेत. हौदा, फाळका, पाटा हे शब्द वस्तूंना चिकटून जगतात. वस्तू गेली की शब्दही निघून जातो.

मित्रहो, जपानच्या ट्रकसाठी जपानची कंपनी धावून आली. आपल्या ट्रकसाठी कोणी कंपनी धावून येईल म्हणून वाट पाहण्यात अर्थ नाही. जुन्या धाटणीचे ट्रक अजून बाजार समितीच्या आवारात उभे दिसतात, त्यांच्या फळ्या जोडणारे हातही अजून आहेत. टेप घेऊन जायचे असेल, तर आताच गेले पाहिजे.