थ्रेड्सला दार बंद, हे योग्यच

जून 2023मध्ये फेडिव्हर्स या समाजमाध्यमांच्या खुल्या जाळ्यातले शेकडो सर्व्हर चालवणाऱ्यांनी एका जाहीर करारावर सह्या केल्या. फेसबुक चालवणाऱ्या मेटाचा सर्व्हर आपल्या जाळ्यात आला तर आम्ही तो अडवू, एवढेच त्यात म्हटले होते. मेटाचे थ्रेड्स तेव्हा सुरूही झाले नव्हते. ते जुलैत आले आणि पाच दिवसांत दहा कोटी खाती उघडली गेली. सह्या करणाऱ्यांना तेव्हा खूप ऐकून घ्यावे लागले. खुले जाळे म्हणवता आणि दारे लावता? मला त्यांचे तेव्हाही पटले होते, आज जास्त पटते.

फेडिव्हर्सला एक मालक नाही. त्यातले सर्वांत परिचित सॉफ्टवेअर, मॅस्टोडॉन, युगेन रोचको या जर्मनीतल्या प्रोग्रामरने 2016मध्ये आणले. हजारो लहानमोठे सर्व्हर, प्रत्येकाचा वेगळा ॲडमिन, वेगळे नियम; तरीही ॲक्टिव्हिटीपब या सामायिक प्रोटोकॉलमुळे एका सर्व्हरवरचा माणूस दुसऱ्यावरच्याशी बोलू शकतो. नोव्हेंबर 2019मध्ये ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे खाते ट्विटरने बंद केल्यावर आपल्याकडचे अनेक जण मॅस्टोडॉनवर आले होते, ते आठवत असेल.

प्रोटोकॉल खुला आहे, मग भीती कसली, असे विचारणाऱ्यांनी एक्सएमपीपीचे काय झाले ते पाहावे. चॅटसाठीचा हा खुला प्रोटोकॉल 1999च्या सुमारास जॅबर या नावाने पुढे आला. 2005मध्ये गुगल टॉक त्यावर उभे राहिले आणि पुढच्याच वर्षी इतर सर्व्हरशी जोडले गेले. छोटे सर्व्हर चालवणाऱ्यांना आनंद झाला, आणि तो स्वाभाविक होता. पण लवकरच त्यांच्या लोकांचे बहुतेक मित्र गुगल टॉकवर होते. सर्व्हर-सर्व्हरमधले दळणवळण कूटबद्ध करण्याची सोय गुगलने केलीच नाही. ती सक्तीची करायची, तर गुगलवरच्या सगळ्यांशी संबंध तुटणार. म्हणून इतरांनी वर्षानुवर्षे थांबून राहायचे. 2013मध्ये गुगल टॉकच्या जागी हँगआउट्स आले, त्यात बाहेरच्या सर्व्हरना जागा नव्हती. गुगलचे काही बिघडले नाही. छोट्या सर्व्हरवरच्या माणसाच्या यादीतली कितीतरी नावे मात्र गप्प झाली.

व्हॉट्सॲपची सुरुवातही एक्सएमपीपीच्या ईजॅबर्ड या मुक्त सर्व्हरपासून झाली. आज ते मेटाचे आहे. सर्वांसाठी बांधलेले तंत्र कंपनीने घेतले, पण सर्वांशी जोडलेले राहण्याची अट घेतली नाही. माझा आक्षेप नेमका इथे आहे. प्रोटोकॉल खुला राहूनही माणसे एकाच मालकाकडे गोळा झाली, की नियम तोच ठरवतो.

शिवाय हा मालक कोण, हेही पाहायला हवे. म्यानमारमधल्या हिंसेसाठी आपला वापर होऊ नये म्हणून आपण पुरेसे केले नाही, हे फेसबुकने 2018मध्ये स्वतः मान्य केले. जानेवारी 2025मध्ये मेटाने द्वेषयुक्त मजकुराचे नियम सैल केले; समलिंगी आणि ट्रान्स माणसांना मनोरुग्ण म्हणण्याची मुभा त्यात स्पष्ट लिहून दिली. फेडिव्हर्सवरचे कितीतरी सर्व्हर याच माणसांनी, छळ चुकवता यावा म्हणून उभे केले आहेत. त्यांनी दार उघडे ठेवावे असे सांगण्याचा अधिकार कोणाला आहे?

रोचको यांनी थ्रेड्सच्या फेडिव्हर्समध्ये येण्याचे स्वागत केले होते. नातेवाईक, मित्र तिकडे आहेत, त्यांच्याशी इथूनच बोलता येईल, हा मुद्दा खोटा नाही. पण ज्याला ते हवे त्याने न अडवणारा सर्व्हर निवडावा. मॅस्टोडॉनवर खाते हलवताना अनुयायी सोबत येतात. जुन्या पोस्ट तेवढ्या मागे राहतात. अडवल्याने सार्वजनिक पोस्ट कोणी वाचणारच नाही असे नव्हे, हेही खरे. मात्र त्या मेटाच्या सर्व्हरवर पोहोचवल्या जात नाहीत आणि तिथली झुंड थेट उत्तरांत येऊन पडत नाही. दोनचार स्वयंसेवक मॉडरेटर असलेल्या जागेसाठी हा फरक फार मोठा आहे.

तुमचे खाते अशा एखाद्या सर्व्हरवर असेल, तर ॲडमिनला या आठवड्यात दोन गोष्टी विचारा: थ्रेड्सबद्दल आपले धोरण काय, आणि सर्व्हरचा महिन्याचा खर्च कोण भरतो? दुसऱ्याचे उत्तर ‘मी एकटाच’ असे आले, तर आपला वाटा पाठवून द्या.