काका, अजमेर आणि केसपेपर

व्यापारी घराण्यांतील वडीलधाऱ्यांच्या तोंडून एक गोष्ट आपण बहुतेकांनी ऐकली आहे. पूर्वी पेढीचा पत्रव्यवहार मुडिया किंवा वाणिका लिपीत चालत असे. हात भरभर चालावा म्हणून या लिप्यांत काना, मात्रा, वेलांटी बहुधा गाळली जात. एका मुनिमाने गावी कळविले, ‘काका अजमेर गये’. मात्रांवाचूनचा तो मजकूर घरच्यांनी वाचला, ‘काका आज मर गये’, आणि घरात रडारड सुरू झाली. गोष्ट खरोखर घडली की कुणी रचली, हा विचार बाजूला ठेवू. लिहिणाऱ्याला अर्थ ठाऊक होता म्हणून त्याला तेवढी अक्षरे पुरली. वाचणाऱ्यापाशी मात्र अक्षरांखेरीज काहीच नव्हते.

मुडिया लिपी आता पेढीवरून गेली. तिची रीत मात्र रुग्णालयाच्या केसपेपरवर आजही नांदते आहे. ‘एमएस’ ही दोनच अक्षरे घ्या. हृदयरोगतज्ज्ञाच्या कागदावर त्यांचा अर्थ मायट्रल स्टेनोसिस, म्हणजे हृदयाची झडप अरुंद होणे. मेंदूविकारतज्ज्ञाच्या कागदावर तीच अक्षरे मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराची. औषधांच्या ओळीत ती आली तर मॉर्फीन सल्फेट, नाहीतर मॅग्नेशियम सल्फेट. अमेरिकेत रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेने २००४ मध्ये ‘वापरू नये’ अशा संक्षेपांची यादीच काढली, तीत ‘एमएस’ होते. युनिटऐवजी नुसते इंग्रजी ‘यू’ हे अक्षरही होते, कारण घाईत लिहिलेला ‘यू’ शून्यासारखा दिसतो आणि इन्सुलिनचे ४ युनिट ४० होऊ शकतात. शून्याची किंमत आपल्या वाचकांना निराळी सांगावयास नको.

संक्षेपाचा हा प्रश्न मला पुस्तकातून कळला नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या काकूंच्या पित्ताशयातील खड्यांची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी आपल्या हस्ताक्षरात लिहिले होते, ‘एफ/एच/ओ डीएम’, म्हणजे कुटुंबात मधुमेहाचा इतिहास आहे. काकूंच्या वडिलांना मधुमेह होता. डिस्चार्ज कार्ड टंकित करताना पहिला ‘एफ’ गळाला. उरले ‘एच/ओ डीएम’, म्हणजे रुग्णालाच पूर्वीपासून मधुमेह. विमा कंपनीने पूर्वीचा आजार लपविल्याचे कारण देऊन मेडिक्लेमचा दावा नाकारला. ज्या काकूंनी आयुष्यात साखरेची गोळी घेतली नव्हती त्यांना, आपण खोटे बोललो नाही, हे सिद्ध करीत बसावे लागले. डॉक्टरांचे दुरुस्तीपत्र, मूळ केसपेपरची प्रत, जुने रक्ततपासणी अहवाल एवढे सारे जमवून पैसे मिळण्यास कित्येक महिने गेले. पैशांपेक्षा खोटेपणाचा ठपका त्यांना अधिक लागला.

एका अक्षराने हे घडले, हे खरे. तरी खोलवर पाहिले तर चूक अक्षराची नव्हती. ‘मधुमेह’ हा शब्द दोन्ही कागदांवर बरोबरच होता. तो कुणाला, एवढेच बदलले. वैद्यकीय नोंदींचे अर्थविश्लेषण करणारे शास्त्र नेमके येथूनच आरंभ करते. शब्द सापडला एवढ्याने भागत नाही, त्याच्याविषयी काय म्हटले आहे ते कळावे लागते.

या कामाची सुरुवात संगणक घरोघरी पोहोचण्याच्या पुष्कळ आधीची आहे. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत नेओमी सेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात डॉक्टरांच्या टिपणांचे व्याकरण अभ्यासावयास घेतले. त्यांना दिसले की ही टिपणे तुटक असली तरी बेशिस्त नसतात. लक्षण, अवयव, काळ, तपासणी, उपचार असे ठरावीक जातीचे शब्द ठरावीक क्रमाने येतात. मग प्रत्येक वाक्य उलगडून त्यातील शब्द ज्याच्या त्याच्या रकान्यात बसविता येतात. आपल्या भाषेत सांगावयाचे तर ही कीर्दीवरून केलेली खतावणी होय. रोजच्या घडामोडी कीर्दीत जशा आल्या तशा उतरतात. कुणाचे येणे किती आणि देणे किती, ते खाते पाडल्यावाचून कळत नाही. डॉ. लॉरेन्स वीड यांनी १९६८ मध्ये डॉक्टरांकडेच असा आग्रह धरला होता की नोंद तारखेवारीने नव्हे, तर रुग्णाच्या एकेका समस्येच्या खात्यावर व्हावी. सेगर यांच्याबरोबर काम केलेल्या कॅरोल फ्रीडमन यांनी पुढे कोलंबिया विद्यापीठात १९९०च्या दशकात छातीच्या क्ष-किरण अहवालांतून असा अर्थ काढणारी प्रणाली प्रत्यक्ष रुग्णालयात चालवून दाखविली.

सर्वांत अवघड निघाले ते ‘नाही’. डॉक्टर जे आढळले नाही तेही लिहितात, आणि ते आवश्यकच असते: ताप नाही, दम लागत नाही, औषधाची ॲलर्जी नाही. नुसता शब्द शोधणारे यंत्र अशा रुग्णाला ताप, दमा आणि ॲलर्जी तिन्ही चिकटवून मोकळे होते. पिट्सबर्ग येथे वेंडी चॅपमन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये यासाठी एक साधी युक्ती मांडली. नकाराचे शब्द हेरावयाचे, त्यांच्या पुढेमागे काही शब्दांच्या अंतरात कोणता आजार येतो ते पाहावयाचे आणि फसवे नकार वगळावयाचे. ‘ग्रॅम-निगेटिव्ह’ हे जिवाणूच्या एका गटाचे नाव आहे, त्यातील ‘निगेटिव्ह’ने काहीच नाकारलेले नसते. पुढे २०१० मध्ये आय-टू-बी-टू या अमेरिकी प्रकल्पाने घेतलेल्या स्पर्धेत प्रत्येक विधानाचे सहा प्रकार ठरविले गेले: आहे, नाही, असू शकेल, अमुक परिस्थितीतच होते, पुढे झाल्यास, आणि दुसऱ्या कुणाला आहे. काकूंच्या कार्डावर हा सहावा प्रकार पहिला होऊन बसला होता.

सहा प्रकार वाचताच आपल्यापैकी अनेकांना सप्तभंगी आठवेल, आणि ‘हे तर आमच्या आचार्यांनी आधीच सांगितले’ असे म्हणण्याचा मोहही होईल. तो आवरावा. स्यात् म्हणजे ‘कदाचित’ नव्हे. अमुक अपेक्षेने, अमुक दृष्टीने, असा त्याचा आशय आहे. डॉक्टरांचे ‘असू शकेल’ हे ज्ञानाच्या अपुरेपणातून येते, स्यात् हा संशय नव्हे. साम्य आहे ते वेगळ्या ठिकाणी. सायंकाळच्या अपेक्षेने ताप आहे, सकाळच्या अपेक्षेने नाही. दोन्ही विधाने खरी आहेत, आणि अपेक्षा गाळली की दोन्ही अर्धवट होतात. नोंदीतून गळते ती बहुधा ही अपेक्षाच.

आता आपल्याच घरातील एक शब्द घेऊ: उपवास. महाराष्ट्रातील डॉक्टरांनी हा शब्द ऐकला की त्यांच्या डोळ्यांसमोर साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ आणि बटाटा येतो. आपल्याकडे तिविहार उपवास म्हणजे दिवसा केवळ उकळलेले पाणी, आणि चौविहार असेल तर तेही नाही. इन्सुलिन किंवा साखर उतरविणारी गोळी घेणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत या दोन उपवासांतील अंतर जिवावर बेतू शकते. कागदावर मात्र दोहोंसाठी ‘फास्टिंग’ हा एकच शब्द येतो. लिहिणाऱ्याने चूक केलेली नसते, वाचणाऱ्यानेही नाही.

पारिभाषिक शब्दांचा हा गोंधळ आवरण्यासाठी स्नोमेड सीटी नावाची आंतरराष्ट्रीय संज्ञावली आहे. तिच्यात साडेतीन लाखांहून अधिक वैद्यकीय संकल्पना असून प्रत्येकीला स्वतंत्र क्रमांक आहे. कुणी ‘हार्ट अटॅक’ लिहो, कुणी ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’, क्रमांक एकच: २२२९८००६. भारत २०१४ पासून या व्यवस्थेचा सदस्य आहे आणि तिचे आपल्या देशातील काम पुण्याच्या सी-डॅकमधील केंद्रातून चालते. २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये प्रत्येकाच्या चौदा अंकी आभा क्रमांकाला जोडलेली नोंद एका रुग्णालयातून दुसऱ्यात जाऊ शकते. सोय मोठी आहे. मात्र पूर्वी एका फाइलीत पडून राहिलेली चूक आता त्याच वाटेने पुढे जाईल, हेही तितकेच खरे.

अलीकडे डॉक्टर आणि रुग्ण यांचे बोलणे ऐकून टिपणाचा मसुदा स्वतःच तयार करणारी यंत्रेही आली आहेत. डॉक्टरांचे डोळे पडद्यावरून रुग्णाकडे वळतात, हा त्यांचा लाभ लहान नाही. परंतु ही यंत्रे कधी कधी न बोललेले वाक्यही सफाईने लिहून टाकतात. मसुदा वाचून सही करणारा माणूस त्यामुळे पूर्वीइतकाच आवश्यक राहतो. आपल्यालाही तो कागद वाचण्याचा अधिकार आहे. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीनुसार रुग्णाने नोंदी मागितल्यास डॉक्टरांनी त्या ७२ तासांत द्यावयाच्या असतात. घरी येण्यापूर्वी डिस्चार्ज कार्डावर निदान पाहावे, औषधांची मात्रा पाहावी आणि ‘पूर्वेतिहास’ या रकान्यातील प्रत्येक आजार खरोखर कुणाचा, ते विचारून घ्यावे.

काकूंनी त्या प्रकरणानंतर हेच करावयास सुरुवात केली. रक्तदाबाच्या तपासणीसाठी गेल्या असता त्यांनी फाइल मागून घेतली, तर तीत एक वाक्य सलग तीन भेटींत लिहिलेले आढळले: रुग्ण रात्रीचे औषध नियमित घेत नाही. गोळी ‘रात्री जेवणानंतर’ घ्यावयाची होती. काकू सूर्यास्तापूर्वी जेवतात आणि मग चौविहार करतात, हे तिन्ही वेळा कुणी विचारले नव्हते आणि त्यांनीही सांगितले नव्हते. डॉक्टरांनी ते वाक्य खोडले, गोळी सकाळी नवकारशीनंतर घेण्यास चालेल असे सांगितले, आणि नवी नोंद लिहिता लिहिता पेन थांबवून विचारले, “सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा नाही?”