ख्रिस्ती घरांतील श्रीकृष्ण

मागें एका स्नेहसंमेलनाच्या तयारीच्या वेळीं एका पालकांनीं आम्हांस विचारलें, "ज्या मुलाच्या घरीं नाताळ होतो, त्यास आपण श्रीकृष्णाचें काम कसें देतां?" प्रश्न रागानें विचारलेला नव्हता, तरी उत्तर देण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं. काम दुसऱ्या मुलास गेलें व तो बिचारा पडदा ओढण्यास उभा राहिला. जें उत्तर त्या वेळीं सुचलें नाहीं, तें आज लिहीत आहों. त्या उत्तराचें नांव शाहू मोडक.

मोडकांचा जन्म १९१८ सालीं अहमदनगरास, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरास, एका मराठी ख्रिस्ती कुटुंबांत झाला. १९३२ सालीं, हिंदुस्थानांत बोलपट सुरू होऊन जेमतेम वर्ष लोटलें असतां, भालजी पेंढारकरांनीं 'श्यामसुंदर' काढला व चौदा वर्षांच्या ह्या मुलास त्यांत कृष्ण केलें. राधा झाल्या होत्या शांता आपटे. चित्रपट मुंबईस पंचवीस आठवड्यांहून अधिक चालला. मुलाच्या घरीं कोणती प्रार्थना होते, हें पाहून तिकीट न घेणारे कोणी असतीलही. पण त्यांच्यावांचून नाट्यगृह ओस पडलें नाहीं, हें खास.

पुढल्याच वर्षीं 'औट घटकेचा राजा' ह्या चित्रपटांत त्यांनीं एकट्यानेंच दोन भूमिका वठविल्या. मात्र आमच्या मतें त्यांची खरी परीक्षा झाली ती १९३९ सालीं, शांतारामबापूंच्या 'माणूस'मध्यें. तेथें मुकुट नाहीं, मोरपीस नाहीं. अंगावर पोलीस शिपायाचा साधा गणवेश. समाजानें वाळींत टाकलेल्या एका स्त्रीस चांगल्या मार्गास लावूं पाहणारा, तिच्यावर जीव जडलेला आणि लोकलज्जेनें वारंवार गांगरणारा हा गणपत हवालदार पाहतांना, हाच मनुष्य कालपर्यंत देव होता, ह्याची आठवणही होत नाहीं. देवाचें काम करणाऱ्यास वेष बराच हात देतो; हवालदाराचें काम करणाऱ्यास कोण देणार?

लगेच १९४० सालीं प्रभातच्या 'संत ज्ञानेश्वर' चित्रपटांत ते ज्ञानेश्वर झाले. ज्ञानेश्वरांनीं समाधि घेतली ती एकविसाव्या वर्षीं, व मोडकही त्या वेळीं बाविशींतच होते. संन्याशाचीं मुलें म्हणून गांवानें दूर लोटलेल्या त्या भावंडांची कथा आपल्या जिल्ह्यास परकी नाहीं. ज्ञानेश्वरांच्या संतमेळ्यांतील गोरोबाकाका आपल्या तेरचेच. थापटणें घेऊन कोणतें मडकें कच्चें व कोणतें पक्कें हें सांगणाऱ्या काकांनीं मडक्याची जात विचारली असेल, असें आम्हांस वाटत नाहीं.

एक खंत मात्र सांगितली पाहिजे. पुढें अनेक वर्षें पौराणिक चित्रपटांतून मोडक पुनःपुन्हा श्रीकृष्णच होत राहिले. लोक त्यांच्या पायां पडत, असें सांगतात. भक्तीचा हा गौरव मोठाच. परंतु प्रेक्षकांनीं देव्हाऱ्यांत बसविल्यामुळें गणपत हवालदारासारखीं कामें त्यांच्या वांट्यास फार आलीं नाहींत, असें आम्ही समजतों. ज्या नटास देव व शिपाई दोन्ही साधले होते, त्यास आपण एकाच मुकुटाखालीं ठेवलें. हा दोष त्यांचा नव्हे, तिकीट काढणाऱ्या आपणा सर्वांचा. १९९३ सालीं ते निवर्तले, तेव्हांही पुष्कळांस आठवला तो श्रीकृष्णच.

'माणूस' आतां जुना झाला. तरी ज्या घरीं साधन असेल त्यांनीं तो मुलांसह अवश्य पाहावा. थोरली मुलें बरोबर असल्यास उत्तम, कारण कथेंत कांहीं प्रश्न असे आहेत कीं, त्यांचीं उत्तरें वडील मंडळींस द्यावीं लागतील.

यंदाच्या नाटकाचीं कामें दिवाळीच्या सुटीनंतर ठरतील. पडदा ओढणारा तो मुलगा आतां इयत्ता दहावींत आहे व त्याचा आवाजही फुटला आहे, तेव्हां बाळकृष्ण कांहीं त्यास जमणार नाहीं. कंस मात्र उत्तम जमेल. त्या पालकांस पहिल्या रांगेचें निमंत्रण आम्ही आजच देऊन ठेवितों.