मृग आधी पावसात, मग आकाशात

कोल्हापूर परिसरातल्या मुलाला मृग नक्षत्र आधी कानावरून कळते. 7 जूनच्या आसपास घरात ‘मृग निघाला’ म्हणतात, पेरणीची बोलणी सुरू होतात. त्या रात्री मुलाने वर पाहिले, तर ढग नसले तरी मृग दिसत नाही. कारण सूर्यच तेव्हा त्या नक्षत्रात असतो. मृग त्याच्यासोबत दिवसा आकाशात असतो. खगोलशास्त्राच्या तासाला यापेक्षा चांगला पहिला प्रश्न नाही. तरीही सुरुवात अनेकदा 27 नावांच्या घोकंपट्टीनेच होते.

डिसेंबरात रात्री नऊच्या सुमारास तोच मृग पूर्वेला चांगला वर आलेला असतो. चार ठळक तारे हे त्याचे पाय, पोटात तीन ताऱ्यांचा बाण. रोहिणीमागे धावणाऱ्या मृगरूपी प्रजापतीवर व्याधाने तो सोडला, ही गोष्ट. (लहान वर्गात हरणापुरती सांगितली तरी पुरते.) मात्र ती सांगताना मुलांची बोटे आकाशाकडे हवीत. बाणाची रेघ खाली वाढवली की व्याध, वर वाढवली की रोहिणी, त्याही पुढे कृत्तिकांचा पुंजका. गोष्ट लक्षात राहिली, की वाट सापडते.

मग अंतरे सांगावीत. व्याध 8.6 प्रकाशवर्षांवर, रोहिणी 65 आणि बाणाचे तारे शेकडो प्रकाशवर्षे दूर! शिकारी आपल्या जवळ आणि त्याचा बाण मात्र रोहिणीच्याही कुठच्या कुठे मागे, हे ऐकून मुले थबकतात. तारकासमूह ही केवळ पृथ्वीवरून दिसणारी आकृती, हे वेगळे शिकवावे लागत नाही.

आकृत्याही सगळीकडे सारख्या नसतात. विदर्भातल्या गोंडांना सप्तर्षीत खाट आणि ती पळवणारे तीन चोर दिसतात; मयंक वाहिया आणि गणेश हलकारे यांनी ही नोंद केली आहे. आपल्या आजी-आजोबांकडे कोणती नावे आहेत, हे मुलांनी विचारून यावे.

अगस्त्य तर दक्षिणेकडच्या मुलांचा हक्काचा तारा. विंध्य ओलांडून गेलेला हा ऋषी अथेन्समध्ये क्षितिजावर येतच नाही. कोल्हापुरात मात्र फेब्रुवारीत रात्री नऊच्या सुमारास तो दक्षिणेला, हात लांब करून धरलेल्या दोन मुठींइतका वर असतो.

मेच्या सुट्टीत एकच काम द्यावे: अंधार पडला की पश्चिमेला मृग किती खाली गेला, ते रोज वहीत लिहायचे. कोल्हापूरच्या रंकाळा तलावाच्या काठावरूनही ते जमते. महिनाअखेरीस तो संधिप्रकाशात हरवतो. जूनमध्ये शाळा उघडेल, तेव्हा ‘मृग निघाला, मग दिसत का नाही?’ हे मुलेच विचारतील.